आनंद रक्तातच असतो का?

वाङ्मय मंडळाच्या श्रावणातल्या बैठकीला मी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर बसलो होतो. मी प्राणिशास्त्र शिकवणारा माणूस. कवितेचा श्रोता, एवढंच माझं या मंडळाशी नातं. त्या दिवशी विषय होता ‘सुख’. समर्थांच्या मनाच्या श्लोकांपासून पु. लं.पर्यंत सगळे येऊन गेले. शेवटी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं मागं वळून मला विचारलं, “सर, तुम्ही सांगा की ओ. आनंदी स्वभाव रक्तातच असतो काय? मग ज्यांच्या घराण्यातच नाही, त्यांनी काय करायचं?”

पहिला प्रश्न तिनं हसत विचारला होता, दुसरा नाही.

मी उत्तर द्यायच्या आत एका मुलानं खडेबाजारातला दाखला दिला. तिथं दोन सख्खे भाऊ कापडाचं एकच दुकान चालवतात. थोरला गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतो. गिऱ्हाईक काही न घेता उठलं तरी हसून निरोप देतो. धाकटा ताग्यांच्या मागं उभा. चेहरा सदा आंबट. “आईबाप एक, दुकान एक, गिऱ्हाइकं एक. मग हे कसं काय?” सगळे हसले. बैठक संपली आणि पाऊस थांबायच्या आत मुलं पांगली.

पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. वर्गात दहा मिनिटांत देण्यासारखं त्याचं उत्तर नाही, आणि अर्धवट उत्तर दिलं तर नुकसान होतं. म्हणून संपादकांकडून जागा मागून घेतली आणि हा पाठ लिहिला. विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकालाही समजावा, असा प्रयत्न केला आहे.

१. आधी शब्द ठरवून घेऊ

आनंद, सुख, समाधान हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. संशोधकाला तसं करून चालत नाही. जे मोजायचं, ते आधी नेमकं सांगावं लागतं. साधारणपणे तीन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या जातात.

पहिली, रोजची मनःस्थिती. काल दिवसभरात तुम्ही मनापासून हसलात का, काळजीत होतात का, चिडलात का? दुसरी, आयुष्याबद्दलचं समाधान. इथं एक शिडी डोळ्यांपुढं आणायला सांगतात. खाली ०, वर १०. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं उत्तम आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? आणि तिसरी गोष्ट म्हणजे मनाचे आजार, उदाहरणार्थ नैराश्य. हा केवळ आनंदाचा अभाव नव्हे. झोप, भूक, काम, विचार या सगळ्यांवर परिणाम करणारा तो एक आजार आहे.

यात दुःखाची जागा कुठली? साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे मी सांगायला नको. इंदिरा संत याच बेळगावात राहिल्या. १९४६ साली त्यांचे पती ना. मा. संत गेले. त्यानंतर ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ असे संग्रह येत राहिले आणि ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेत विरहाची वेदना आहे म्हणून ‘स्वभावच उदास असणार’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. माणूस गेल्यावर होणारं दुःख हा प्रसंगाचा परिणाम असतो. स्वभाव वेगळा, दुःख वेगळं, आजार वेगळा. या तिघांची गल्लत केली की पुढचं सगळं गणित चुकतं.

२. मठातली बाग आणि जुळी भावंडं

आनुवंशिकतेच्या शास्त्राची सुरुवात एका मठाच्या बागेत झाली. ब्रनो शहरातल्या ऑगस्टिनियन मठातले धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून काही वर्षं वाटाण्याची हजारो रोपं वाढवली, त्यांच्यात संकर घडवले, दाणे मोजले आणि १८६६ मध्ये निबंध छापला. गुळगुळीत दाणा की सुरकुतलेला, उंच रोप की बुटकं, असे गुण पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक हिशेबानं उतरतात, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या हयातीत त्या निबंधाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९०० साली तो पुन्हा उजेडात आला.

माणसाचा आनंद काही वाटाण्याचा दाणा नव्हे. माणसांचे संकर घडवून प्रयोगही करता येत नाहीत. पण निसर्गानंच एक प्रयोग करून ठेवलेला आहे: जुळी भावंडं.

जुळी दोन प्रकारची असतात. एकबीज जुळी एकाच फलित अंड्याचे दोन भाग होऊन जन्मतात. त्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात. द्विबीज जुळी दोन वेगळ्या अंड्यांपासून होतात. त्यांचं साम्य साध्या सख्ख्या भावंडांइतकंच, म्हणजे सरासरी निम्मं. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. मग एखाद्या गुणात एकबीज जुळी द्विबीज जुळ्यांपेक्षा एकमेकांशी जास्त मिळतीजुळती निघाली, तर त्या गुणात जनुकांचा वाटा आहे असं म्हणता येतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून लहानपणीच वेगळ्या घरांत गेलेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. त्याच विद्यापीठातल्या डेव्हिड लिकन आणि ऑके टेलेगन यांनी १९९६ मध्ये जुळ्यांच्या सुख-समाधानावर एक निबंध छापला, आणि तो गाजला. त्यांना असं दिसलं की, एकबीज जुळी एकत्र वाढलेली असोत की वेगळ्या घरांत, सुखाच्या बाबतीत त्यांच्यातलं साम्य जवळपास सारखंच राहतं. द्विबीज जुळ्यांत मात्र ते फारच थोडं. माणसामाणसांतल्या फरकाचा ४४ ते ५२ टक्के वाटा त्यांनी आनुवंशिकतेकडे लावला. शिक्षण, उत्पन्न, लग्न झालंय की नाही, यांतल्या एकाही गोष्टीचा वाटा तीन टक्क्यांपलीकडे जाईना. पुढं अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये काढलेली सरासरी थोडी खाली आली: सुमारे ३६ टक्के.

आता खडेबाजारातल्या भावांकडे वळू. ‘आईबाप एक, मग स्वभाव वेगळे कसे?’ याचं उत्तर इथंच आहे. प्रत्येक मुलाला आईच्या जनुकांतली निम्मी आणि वडिलांच्या जनुकांतली निम्मी मिळतात. पण कुठली निम्मी, हे प्रत्येक वेळी नव्यानं ठरतं. पत्त्यांचा जोड तोच, पिसून वाटलेला डाव दर वेळी वेगळा. म्हणजे आनुवंशिकता भावंडांना सारखं करते, तशीच वेगळंही करते. ‘घराण्याचा स्वभाव’ म्हणून एक ठसा सगळ्यांवर सारखाच उमटत नाही.

लिकन आणि टेलेगन यांनी त्या निबंधाच्या शेवटी एक वाक्य लिहिलं. त्याचा आशय असा होता की, जास्त आनंदी होण्याची धडपड ही कदाचित जास्त उंच होण्याच्या धडपडीइतकीच व्यर्थ असेल. वर्तमानपत्रांनी नेमकं तेवढंच उचललं.

३. निम्मं म्हणजे कशाचं निम्मं?

इथं वाचकांनी जरा थांबावं, कारण सगळा घोटाळा इथंच होतो. ‘आनंद पन्नास टक्के आनुवंशिक’ हे ऐकून आपल्याला वाटतं की, माझ्या आनंदाचे शंभर रुपये असतील तर पन्नास आईबापांनी दिले आणि उरलेले पन्नास मी कमवायचे. हा अर्थ साफ चुकीचा आहे. हे प्रमाण एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. एका विशिष्ट समूहात, विशिष्ट काळात, माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच ते सांगतं.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे लवकर कळेल. एकाच पोत्यातलं मिसळीचं भाताचं बी घ्या आणि दोन वाफ्यांत टाका. एक वाफा येळ्ळूर शिवारातला, काळा, पाण्याचा. दुसरा माळावरचा, मुरमाड. पहिल्या वाफ्यात सगळ्या रोपांना माती, खत, पाणी सारखंच मिळालं. तरी काही रोपं उंच, काही बुटकी. हा फरक बियाण्याचा. मुरमाड वाफ्यातही तसंच. म्हणजे प्रत्येक वाफ्यापुरतं बोलायचं तर उंचीचा फरक जवळजवळ शंभर टक्के आनुवंशिक. पण दोन वाफ्यांतला फरक? तो सगळा मातीचा. मुरमाड वाफ्यातल्या बुटक्या रोपाकडे बोट दाखवून ‘याचं बीच तसलं’ म्हणणारा शेतकरी आपलंच नुकसान करून घेईल.

उंचीचा तो दाखलाही याच अंगानं तपासून पाहा. एका समाजातल्या माणसांच्या उंचीतला सुमारे ८० टक्के फरक जनुकांचा असतो. तरीही दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते ताटातलं अन्न, पाणी, औषधपाणी. एकटा माणूस ठरवून उंच होत नसेल, पण एक अख्खा देश उंच झाला.

चष्म्याचंही तसंच आहे. लांबचं न दिसणं बऱ्याच अंशी घराण्यातून येतं. म्हणून मुलीला फळ्यावरचं दिसेना झालं, तर ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून कुणी तिला तशीच ठेवतं का? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन चष्मा करून देतात. कारण जनुकात असलं म्हणून उपाय बाहेर नसतो, असं नाही.

आणि हे नोंदवायलाच हवं की, स्वतः डेव्हिड लिकन यांनी १९९९ मध्ये आनंदावर पुस्तक लिहिलं, तेव्हा ते उंचीचं वाक्य चुकीचं होतं हे मान्य केलं. आपल्या जन्मजात पातळीच्या वर किंवा खाली माणूस बराच सरकू शकतो, असं त्यांचं मत झालं. पण वर्तमानपत्रांत गाजलेलं पहिलं वाक्यच लोकांच्या लक्षात राहिलं.

उलट बाजूलाही असाच एक आकडा फिरतो: ५० टक्के जनुकं, १० टक्के परिस्थिती आणि ४० टक्के आपल्या हातात. २००५ मधल्या एका निबंधातलं हे वर्तुळ व्याख्यानांत, भित्तिपत्रकांवर सगळीकडे दिसतं. तेही समूहातल्या फरकांबद्दलच होतं, आणि त्याच्या लेखकांनी पुढं त्याच्या मर्यादा मान्य केल्या. त्यामुळं ‘४० टक्के तुझ्या हातात आहे, मग रडतोस कशाला?’ असं कुणी म्हणालं, तर ते ‘नशिबातच नाही’ म्हणण्याइतकंच अशास्त्रीय आहे.

४. आनंदाचं जनुक सापडलं आणि हरवलं

जनुकांचा वाटा आहे म्हटल्यावर ते जनुक शोधायची घाई झाली. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं रसायन वापरतात. ते परत आत ओढून घेणारं एक प्रथिन असतं. त्या प्रथिनाच्या जनुकाला लागून असलेला एक भाग काही लोकांत आखूड, काहींत लांब असतो. आखूड प्रकार असलेले लोक जरा जास्त काळजी करणारे असतात, असा निबंध १९९६ मध्ये आला. २००३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या ८४७ तरुणांचा अभ्यास आला. आयुष्यात मोठे आघात झाले तर आखूड प्रकारवाल्यांना नैराश्य येण्याचा धोका जास्त, असं त्यात होतं. जनुक आणि परिस्थिती यांची सांगड घालणारी ही गोष्ट इतकी पटण्यासारखी होती, की पाठ्यपुस्तकांतही गेली. मीही ती वर्गात काही वर्षं शिकवली.

मग २०१९ मध्ये मोठी तपासणी झाली. नैराश्याशी ज्यांचं नाव जोडलं गेलं होतं अशी १८ जनुकं घेऊन, कमाल ४ लाख ४३ हजार लोकांपर्यंतची माहिती तपासली गेली. ही जनुकं इतर कुठल्याही जनुकांपेक्षा नैराश्याशी जास्त जोडलेली निघाली नाहीत. ते लाडकं सेरोटोनिनचं जनुकही त्यातच. मला वर्गात जाऊन जुनी गोष्ट मागं घ्यावी लागली. विद्यार्थ्यांना वाटलं, सर चुकले. खरं तर विज्ञान असंच चालतं; आधी थोड्या लोकांवर पाहिलेलं नंतर पुष्कळ लोकांवर पडताळायचं, आणि टिकलं नाही तर सोडून द्यायचं.

मग जनुकांचा वाटा कुठं आहे? तो एका जागी नाही. माणसाकडे सुमारे वीस हजार जनुकं. २०१६ मध्ये जवळजवळ २ लाख ९८ हजार लोकांची जनुकीय माहिती चाळून सुख-समाधानाशी जोडलेल्या जागा शोधल्या, तर खात्रीच्या मिळाल्या अवघ्या तीन. प्रत्येकीचा परिणाम नखाएवढा. सगळ्या जनुकीय खुणांची बेरीज करून कोण किती समाधानी हे सांगू पाहिलं, तर माणसामाणसांतल्या फरकाचा कसाबसा एक टक्का हाती लागला. शेकडो-हजारो बारीक बारीक परिणामांची ती बेरीज आहे. शिवाय त्या अभ्यासातली माणसं युरोपीय वंशाची होती. तिथले आकडे उचलून बेळगावच्या माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. थुंकीचा नमुना पाठवा, तुमच्या मुलाचा स्वभाव सांगतो, अशी जाहिरात कुठं दिसली तर हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. जनुकं पुष्कळदा परिस्थितीच्या हातानंच काम करतात. दुकानातला थोरला भाऊ जन्मतः थोडा बोलका असेल. तो हसला, गिऱ्हाईक दोन शब्द जास्त बोललं, त्याला बरं वाटलं, तो आणखी हसला. धाकटा थोडा बुजरा. लोक थोरल्याकडेच वळले, हा ताग्यांच्या मागं सरकला. सुरुवातीचा फरक तिळाएवढा. वीस वर्षांत तो डोंगराएवढा दिसतो. जुळ्यांच्या अभ्यासात हा सगळा डोंगर जनुकांच्याच खात्यावर पडतो. पण मधल्या कुठल्याही टप्प्यावर कुणी धाकट्याला हाक मारून पुढं बसवलं असतं, तर हिशेब बदलला असता.

५. जनुकं तीच, गाव वेगळं

वाफ्याचा दाखला माणसांना लागू पडतो का? २०१८ च्या जागतिक आनंद अहवालात शंभराहून जास्त देशांत जाऊन राहिलेल्या स्थलांतरितांची पाहणी होती. शिडीवरच्या पायरीचा तोच प्रश्न त्यांना विचारला. परदेशातून आलेले लोक आणि तिथंच जन्मलेले लोक यांच्या समाधानाची पातळी बहुतेक ठिकाणी जवळपास सारखी निघाली. माणूस देश बदलताना जनुकं बरोबर घेऊन जातो. तरी त्याचं समाधान बऱ्याच प्रमाणात नव्या जागेसारखं होतं. ती जागा कशी आहे, हे महत्त्वाचं ठरतं: पगार वेळेवर मिळतो का, अडचणीत हाक मारायला कुणी आहे का, रस्त्यावरचं भय किती.

इतक्या लांब कशाला, आपल्या निपाणीकडे बघू. माझी आजी निपाणीची. तंबाखूच्या वखारीत तिनं कितीतरी वर्षं काम केलं. अनिल अवचटांनी निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर जे लिहिलं, ते वाचताना मला घरच्याच गोष्टी वाचल्यासारखं वाटलं: नाकातोंडात जाणारा तो भुकटीचा खाट, दिवसभराची ठसठस, हातावर पडणारी तुटपुंजी मजुरी आणि वर मुकादमाची अरेरावी. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं त्या बाया संघटित झाल्या, मोर्चे निघाले. आजी सांगायची, “मोर्चाला गेलो त्या दिवशी पयल्यांदा मान वर करून पेठेतनं चाललो बघ.” त्या दिवशी तिची जनुकं बदलली नव्हती. पण शिडीवरची तिची पायरी नक्कीच बदलली असणार.

६. ‘आमच्या घराण्यातच आहे’

आजी हसरी होती. वखारीतनं खोकत घरी यायची आणि दारातच कुणाची तरी नक्कल करून आम्हाला हसवायची. तिची सख्खी धाकटी बहीण अगदी उलट. आम्ही तिला धाकटी आजी म्हणायचो. महिनोन्‌महिने ती कोपऱ्यात बसून असायची, जेवण टाकायची, पहाटे तीनला जागी व्हायची. घरातली मोठी माणसं म्हणायची, “ती जन्मल्यापास्नंच तसली. त्यांच्या आईकडं हायच ते.” एवढ्या वाक्यावर विषय संपायचा. दवाखान्यात न्यायचं नाही, कारण कुणी पाहिलं तर? घरात लग्नाच्या तीन मुली होत्या. स्थळ बघायला आलेल्यांनी ‘घराण्यात काही आहे काय?’ असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि ‘काही नाही’ म्हणायचे. त्या दिवशी धाकट्या आजीला शेजारच्या घरी नेऊन बसवायचे.

तिला साठी उलटल्यावर माझ्या आत्यानं सगळ्यांशी भांडून धारवाडला नेलं. नैराश्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. चार-पाच महिन्यांनी ती अंगणात येऊन बसायला लागली. पापडाला बसली. एकदा आमच्याबरोबर बेळगावला आली आणि खडेबाजारात लुगड्याच्या किमतीवरून दुकानदाराशी अशी भांडली, की आम्ही बघतच राहिलो. ती काही थोरल्या बहिणीसारखी हसरी झाली नाही. कमी बोलणारी, आतल्या आत राहणारी, तशीच राहिली. तो तिचा स्वभाव होता. पण पहाटे तीनची जाग आणि ते कोपऱ्यात बसणं गेलं. तो आजार होता. घरच्यांनी चाळीस वर्षं आजाराला स्वभाव म्हटलं आणि स्वभावाला रक्त म्हटलं.

या बाबतीत शास्त्र काय सांगतं, तेही नीट सांगतो. नैराश्य येण्या-न येण्यातल्या फरकाचा सुमारे ३७ टक्के वाटा जनुकांचा, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल, तर धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. हे लपवण्यासारखं नाही. मधुमेहाचा घरचा इतिहास डॉक्टरांना सांगतो तसाच हाही सांगावा. पण दोन-तीन पट धोका म्हणजे ठरलेलं भविष्य नव्हे. अशा घरांतल्या बहुतेक मुलांना नैराश्य येत नाही. ज्यांना येतं, त्यांच्यासाठी समुपदेशन आहे, औषधं आहेत.

‘रक्तातच आहे’ हे वाक्य एका घरात बोललं गेलं तर एका बाईची चाळीस वर्षं जातात. तेच वाक्य सरकार बोललं तर काय होतं, हे एका मराठी बाईनं फार जवळून पाहिलं होतं. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस पीएच.डी.साठी बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत होत्या. संचालक होते ऑयगेन फिशर. वंशावंशांत जन्मजात उच्चनीचता असते, हा त्यांचा सिद्धांत. इरावतीबाईंनी कवट्यांच्या दोन बाजूंतली असमानता मोजली आणि वंशानुसार काही फरक दिसत नाही, असं आपल्या प्रबंधात मांडलं. स्वतःच्या मार्गदर्शकाला न रुचणारा निष्कर्ष, तोही परक्या देशात, एका तरुण विद्यार्थिनीनं. पुढं १९३३ मध्ये जर्मनीत कायदा झाला आणि ‘आनुवंशिक’ ठरवलेल्या आजारांच्या नावाखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. त्या आजारांच्या यादीत मनाचे आजारही होते. आनुवंशिकता खरी आहे. पण तिच्यावरून माणसांची किंवा घराण्यांची प्रतवारी लावायला बसलो, की विज्ञान संपतं आणि दुसरंच काही सुरू होतं.

७. मग त्या मुलीला उत्तर काय?

उत्तर असं. हो, स्वभावाचा काही भाग आपण जन्मतः घेऊन येतो. कुणाच्या मनाला पटकन उभारी येते, कुणाला वेळ लागतो. त्याबद्दल ना अभिमान बाळगावा, ना लाज. पण तुला मिळालेला डाव तुझ्या आईचा नाही, आजीचाही नाही. तो नव्यानं पिसून वाटलेला आहे. आणि तो कसा खेळला जाईल, हे आजूबाजूची माणसं, काम, झोप, पैसा, उपचार या सगळ्यांवर अवलंबून आहे. हे सगळं एकट्या तुझ्या अंगावर टाकणंही अन्याय आहे. वाफा सुधारायचं काम सगळ्यांचं.

हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या एका अभ्यासात तीच माणसं तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पाहिली गेली. समाधान आणि तब्येत यांच्याशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट निघाली जवळची नाती. आपल्या वर्गात कोण मागं सरकतंय, कोण डबा न खाता परत नेतंय, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याला हाक मारा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलं असेल, तर ‘माझा स्वभावच तसला’ म्हणून बसू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, आपल्या भाषेत बोलता येतं. धारवाडला मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे, बेळगावहून एस.टी.नं दोनेक तासांवर. घरी सांगायला अवघड वाटत असेल, तर कुठल्याही शिक्षकाकडे या. प्राणिशास्त्र विभागात मी दुपारी दोननंतर असतो.

विचार करण्यासाठी

१. ‘उंची ८० टक्के आनुवंशिक आहे’ आणि ‘शंभर वर्षांत सरासरी उंची २० सेंटिमीटरनं वाढली’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी असू शकतात? वाफ्याच्या उदाहरणानं समजावून सांगा.

२. एकाच आईबापांच्या दोन मुलांचे स्वभाव वेगळे असण्याची एक जनुकीय आणि एक परिस्थितीजन्य कारणपरंपरा लिहा.

३. दुःख, स्वभाव आणि आजार यांत फरक दाखवणारी तीन पात्रं आपण वाचलेल्या मराठी साहित्यातून निवडा.

४. आपल्या घरात किंवा गल्लीत ‘रक्तातच आहे’ हे वाक्य कुणाबद्दल बोललं जातं? नाव लिहू नका. ते वाक्य बोलल्यामुळं त्या माणसासाठी काय करायचं राहून गेलं, तेवढं लिहा.